सेवाभाव आटला म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. आधी आमच्या गल्लीच्या, मग माहेरच्या खानापूरच्या, शेवटी नणंदेकडून निपाणीहून. त्यात म्हटलंय की हल्लीच्या नर्स-डॉक्टरांना बर्नआउट होतो कारण सेवाभाव उरला नाही. पूर्वीच्या सिस्टर एकट्या अख्खा वॉर्ड सांभाळायच्या आणि तक्रार करत नव्हत्या. पगार तर चांगलाच आहे. रोज अर्धा तास ध्यान केलं की सगळं निघून जाईल. मी बेळगावात २२ वर्षं स्टाफ नर्स आहे. मेसेज पुढे पाठवणारी माणसं माझीच आहेत, म्हणून एकेक मुद्दा धरून लिहिते.

सेवाभावाचं आधी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची तीन लक्षणं मांडली: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. कामावरचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्याने हे होतं, असंही तिथंच म्हटलंय. म्हणजे लोकांना सिस्टरच्या तोंडावर जो कोरडेपणा दिसतो, तो दुखण्याचं लक्षण आहे. मेसेज त्यालाच कारण ठरवतो. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टरांची सोसण्याची ताकद इतर नोकरदारांपेक्षा जास्त निघाली. तरीही त्या ताकदीत पूर्ण गुण मिळालेल्या डॉक्टरांपैकी २९ टक्के बर्नआउटमध्ये होते.

आपल्या भागात यात आणखी एक काम मिसळतं, जे कुठल्याच ड्यूटी चार्टवर नसतं. जांबोटीकडची म्हातारी फक्त मराठी बोलते. डॉक्टर नवे, कन्नड आणि इंग्रजी बोलणारे. केसपेपर इंग्रजीत, रजिस्टर कन्नडमध्ये. मधे उभी सिस्टर. दुखतंय कुठं ते तिनं विचारायचं, आणि पहाटे चारला मुलाला “आई गेली” हेही तिनंच सांगायचं, कारण ते त्याच्या भाषेत सांगणारं वॉर्डात दुसरं कोणी नसतं. सांगून झालं की लगेच पुढच्या कॉटचं सलाईन बदलायला जायचं. सेवाभाव नसता तर हे काम कोणी केलं असतं?

पूर्वीच्या सिस्टरांबद्दल मला आदर आहे, पण तेव्हाचा वॉर्ड वेगळा होता. आता मॉनिटर, इन्फ्युजन पंप, योजनेचे कागद, कॉम्प्युटरवरच्या नोंदी, सगळं त्याच हातांनी करायचं. आणि तक्रार केली नाही म्हणजे त्रास झाला नाही, असं नव्हे. माझ्या पहिल्या इन्चार्ज सिस्टर निवृत्तीआधीची काही वर्षं कामापुरतंच बोलायच्या. आम्ही पोरी त्यांना तुसड्या म्हणायचो. त्यांना काय होत होतं ते मला फार उशिरा कळलं, आणि त्याची खंत अजून जात नाही.

पगाराचं म्हणाल तर आशाताईंना पगार नसतोच, मानधन असतं. २००५ पासून साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा, असा हिशेब आहे. भीमगडच्या जंगलातल्या गावांतून पावसाळ्यात रुग्णाला खांद्यावरून आणावं लागतं, तिथंही त्याच जातात. जानेवारी २०२५ मध्ये बेंगळुरूच्या फ्रीडम पार्कात राज्यभरच्या आशा रात्रंदिवस बसल्या, त्या मानधनासाठीच.

राहिलं ध्यान. मी स्वतः करते, झोप बरी लागते. पण डोळे उघडल्यावर वॉर्डातले पेशंट तेवढेच असतात. २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका नर्समागे एक रुग्ण वाढला की तिच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते आणि शस्त्रक्रिया झालेला रुग्ण ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी, असं त्यात दिसलं. हा दुसरा आकडा मेसेज पाठवणाऱ्यांनी दोनदा वाचावा, कारण त्या कॉटवर तुमचंच माणूस असतं. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचा निकष जनरल वॉर्डात वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या रुग्णालयासाठी तीन रुग्णांमागे एक नर्स आणि इतर ठिकाणी पाचांमागे एक असा आहे. मागच्या महिन्यात एका नाईटला आम्ही दोघी होतो आणि पेशंट २८. सकाळी चार्ज द्यायच्या वेळी दुसरीला डबल ड्यूटी लागल्याचं कळलं. ती काही बोलली नाही, तोंड धुऊन परत वॉर्डात गेली.

कोणाला भेटायला दवाखान्यात आलात, तर आज रात्री या वॉर्डात किती पेशंट आणि किती सिस्टर, एवढं विचारा. मग तो आकडा ऑफिसात जाऊन सांगा. आम्ही सांगितला की कुरकूर ठरते. नातेवाइकांनी सांगितला तर निदान लिहून घेतात.