टाचेवरचे पाच मिलिमीटर

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सनस्क्रीनवरून चांगलीच जुंपली. मावसभावाचं म्हणणं, आपल्या सावळ्या कातडीला त्वचेचा कॅन्सर होत नाही, हा सगळा कंपन्यांचा धंदा आहे. पुण्याच्या भाचीचं म्हणणं, रोज लावलंच पाहिजे. दोन दिवस हे चाललं होतं. मी इथे ब्रिस्बेनमध्ये वाचत होते आणि मला राहून राहून मामाची टाच आठवत होती.

मामाची सांगलीकडे शेती. उजव्या टाचेवर काळा डाग आला, तो सगळ्यांनी भोवरी म्हणून सोडून दिला. कॉर्न कॅप लावून झाली. कुणीतरी ब्लेडनं तासून दिली. मग ती चिघळली, पाणी येऊ लागलं, तरी चप्पल बदलून बघू असंच चाललं होतं. बायोप्सी झाली तेव्हा दीड वर्ष उलटलं होतं. मामेबहिणीनं रिपोर्टचा फोटो पाठवला: मेलॅनोमा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर, जाडी ५.२ मिमी, वर व्रण (उघडी जखम). जांघेतल्या लसिकागाठीतही (लिम्फ नोड) तो पोचला होता. त्यानंतर मामानं तीन वर्षं काढली.

त्याच वर्षी माझ्या इथल्या शेजारणीच्या खांद्यावरचा तीळ मेलॅनोमा निघाला. जाडी ०.४ मिमी. दुपारी जाऊन तो भाग कापून आली आणि संध्याकाळी कुंपणाशी उभी राहून माझ्याशी बोलत होती.

ही जाडी मोजण्याची कल्पना अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टनं १९७० मध्ये मांडली. डाग किती पसरट आहे यापेक्षा तो किती खोल गेला आहे, यावर पुढचं पुष्कळ ठरतं, कारण रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या खालच्या थरात असतात. जाडी ०.८ मिमीपेक्षा कमी आणि व्रण नाही, तर दहा वर्षांनंतर शंभरातले सुमारे ९८ जण या आजारानं दगावलेले नसतात. जाडी ४ मिमीच्या वर आणि व्रण असेल, तर गाठींत पसरलेला नसतानाही हा आकडा ७५ च्या आसपास येतो. गाठींत गेला की आणखी खाली. व्रण म्हणजे ट्यूमरवरची कातडीच झिजून गेलेली, आणि ते आक्रमक वाढीचं लक्षण धरतात. पेशी किती वेगानं विभागताहेत तेही पाहतात. हे आकडे मुख्यतः गोऱ्या रुग्णांचे आहेत. तळपायाच्या मेलॅनोमाचा अनुभव याहून वाईटच आहे.

म्हणून ग्रुपवरचं भांडण मला अस्वस्थ करतं. दोन्ही बाजू उन्हाबद्दल बोलत होत्या. ऑस्ट्रेलियात ऊन हाच मुद्दा आहे: इथे १९८१ पासून 'स्लिप, स्लॉप, स्लॅप' मोहीम चालू आहे, कारण गोऱ्या कातडीच्या या देशात दर तिघांतल्या दोघांना सत्तरीपर्यंत कुठला ना कुठला त्वचेचा कॅन्सर होतो. आपल्या लोकांत मेलॅनोमा क्वचित होतो, हे मावसभावाचं खरं. पण होतो तेव्हा तो बरेचदा तळपायावर, तळहातावर, नखाखाली होतो, आणि त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. बॉब मार्लेचा पायाच्या नखाखालीच होता. १९८१ मध्ये तो ३६ व्या वर्षी गेला.

ऊन नसतानाही त्वचेचा कॅन्सर होतो हे आपल्याकडे फार आधी लिहिलं गेलं आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधले डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ मध्ये धोतराच्या सततच्या काचानं कमरेवर होणाऱ्या कॅन्सरची नोंद केली. पुढे साडीच्या, परकराच्या नाडीच्या काचाचेही रुग्ण नोंदले गेले. तो स्क्वेमस प्रकार, कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींचा, मेलॅनोमाहून वेगळा. वर्षानुवर्षं न भरणारी जखम किंवा भाजल्याची जुनी खूण यातूनही तो होतो. आणि अशी जखम आपल्याकडे सहज अंगावर काढली जाते.

कुणी म्हणेल, आता मेलॅनोमावर इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारी, नवी औषधं आली आहेत. आली आहेत, आणि त्यांनी खरोखर माणसं वाचवली आहेत. त्या कामासाठी सिडनीच्या जॉर्जिना लाँग आणि रिचर्ड स्कोलियर यांना २०२४ चा 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' किताब मिळाला. पण तळपायाच्या मेलॅनोमावर ही इम्युनोथेरपी तितकी चालत नाही, आणि तिचा खर्च मामासारख्या घराला पेलणारा नाही.

इथे बरेच जण करून घेतात तशी त्वचेची तपासणी भारतात सरसकट सुरू करा, असं मी म्हणणार नाही. इतक्या क्वचित होणाऱ्या आजारासाठी ते परवडणारही नाही. पण मधुमेह्यांचे पाय आपल्याकडे तपासले जातातच. त्याच वेळी तळवा, बोटांच्या बेचक्या आणि नखं पाहायला मिनिटभर लागतं. माझ्या इथल्या डॉक्टरांनी पहिल्याच तपासणीत मला नेलपॉलिश पुसून यायला सांगितलं होतं, आणि दुर्बिणीसारखं भिंग लावून प्रत्येक बोट पाहिलं होतं. नखाखालची काळी रेघ रुंद होत असेल, काळेपणा नखाच्या कडेच्या कातडीवर उतरला असेल, किंवा भोवरीचा रंगच काळा असेल, तर ती तासायची नाही. बायोप्सी करायची, आणि रिपोर्टमध्ये जाडी आणि व्रण लिहिले आहेत का ते विचारायचं.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की सगळ्यांनी आज रात्री पाय धुताना तळवे बघा. मामीनं तासाभरात आपल्या दोन्ही तळव्यांचे फोटो टाकले. भेगा होत्या, बाकी काही नव्हतं.