खट्... खट्...

हार्ड डिस्कने पहिल्यांदा आवाज काढला तेव्हा मी तो पंख्याच्या नावावर खपवला. दुसऱ्यांदा खिडकीच्या. तिसऱ्यांदा पंखा बंद होता, खिडकी लावलेली होती आणि फोटोंचं फोल्डर उघडायला चार मिनिटं लागली. मग मात्र स्मार्ट तपासणी केली, म्हणजे डिस्कलाच तिची तब्येत विचारली. 'करंट पेंडिंग सेक्टर' : ३१२. म्हणजे डिस्कला धड वाचताही येत नाहीत आणि सोडवतही नाहीत, असे ३१२ सेक्टर, माहितीचे छोटे कप्पे.

"चेकडिस्क चालव की," मित्र म्हणाला. विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन ते. धाप लागलेल्या माणसाला जिना चढून दाखव म्हणण्यातला हा प्रकार. अशा डिस्कची दुरुस्ती वगैरे नसते. ती फिरते आहे तोवर सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायचं. त्यासाठी पेन ड्राइव्हवरून चालणारं लिनक्स हवं, म्हणजे डिस्कवरच्या विंडोजला उठवावंच लागत नाही. ड्रॉवरमध्ये एक निळा पेन ड्राइव्ह सापडला. त्यावर लिनक्स चढवायला घेतलं. 'यावरील सर्व माहिती पुसली जाईल, चालेल?' असं स्क्रीनवर आलं. असले प्रश्न मी वाचत नाही, नुसती उत्तरं देतो.

पुढचा अर्धा तास एफ१२ने, म्हणजे संगणक पेन ड्राइव्हवरून सुरू करायच्या कळीने खाल्ला. लवकर दाबलं तर दखल नाही, उशिरा दाबलं तर विंडोज हजर. शेवटी दार ठोठावावं तसं ते बडवतच राहिलो, तेव्हा कुठे लिनक्स आलं.

मग डीडीरेस्क्यू, बिघडलेल्या डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवणारा प्रोग्रॅम. हे हुशार पोरासारखं पेपर सोडवतं : सोपं आधी उरकायचं, अडलेलं सोडून पुढे जायचं, मग सावकाश मागे वळायचं. कुठवर आलो ते मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतं. (ती तिसऱ्याच जागी ठेवावी, पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सचा संसार बहुधा रॅममध्ये असतो, वीज गेली की तीही गेली.) खरी भीती क्रमाची. आज्ञा देताना आधी जुनी डिस्क, मग नवी. उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. आता लिनक्सच्या भाषेत एसडीए कोण आणि एसडीबी कोण? दोघीही एक टेराबाइटच्या. सिरियल नंबर ताडले, चष्मा पुसला, पुन्हा ताडले. एंटर दाबताना डोळे मिटले होते.

९९.९ टक्के काम संध्याकाळपर्यंत झालं. उरलेल्या दशांशाने रात्र घेतली. खट्... खट्... दोन सेक्टर हाती लागले की मी "शाब्बास!" म्हणायचो. पहाटे तीनला डिस्कवर टेबल फॅन सोडून मी तिला हळू आवाजात समजावत होतो.

सकाळी आकडे थांबले. गेलं फक्त ३६ केबी!

"वाचलं सगळं?" बायकोने विचारलं.

"सगळं!"

"छान. आता माझा निळा पेन ड्राइव्ह दे. सहलीचे फोटो त्यातच आहेत."

"फक्त त्यातच?"

"हो. का रे?"

"काही नाही, सहज," म्हणत मी पुन्हा खुर्ची ओढली.