डायकर कोण संपवतं? ‘भुकेल्या आदिवासींनी आफ्रिकेचं जंगल खाल्लं’ या दाव्याला उत्तर

मातीचा रस्ता, कडेला रोवलेली काठी आणि तिला पाय बांधून उलटी टांगलेली दोन-तीन चिमुकली हरणं. मध्य आफ्रिकेतल्या अशा फोटोंखाली फिरणारा मजकूर बहुतेक वेळा सारखाच असतो. कांगोच्या खोऱ्यातली जंगलं तिथल्या भुकेल्या आदिवासींनी खाऊन रिकामी केली, ही हरणं आता संपत आली आहेत, मांसच खायचं तर त्यांनी कोंबड्या-बकऱ्या पाळाव्यात, आणि सरकारांनी सरसकट शिकारबंदी करून वनरक्षकांच्या हाती बंदुका द्याव्यात म्हणजे जंगल पुन्हा भरेल. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्या अनेकांना प्राण्यांबद्दल खरीच कळकळ असते. म्हणून तर त्याला नीट उत्तर द्यायला हवं. प्राणी कमी होताहेत हे खरं आहे, पण गुन्हेगार म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं जातं तो माणूस बहुतेक ठिकाणी चुकीचा आहे. त्याला शिक्षा करून एकही डायकर वाचत नाही.

फोटोतली हरणं बहुधा डायकर असतात. डायकर हा कुरंगांचा (अँटिलोपांचा) गट, सहाराच्या दक्षिणेला पसरलेला. त्यातला निळा डायकर जेमतेम चार-पाच किलोंचा, आपल्या सह्याद्रीतल्या पिसोरीहून थोडा थोराड. कांगो खोऱ्यातल्या लिंगाला भाषेत त्याला म्बोलोको म्हणतात. त्याचे तांबूस भाईबंद, म्हणजे पीटर्सचा डायकर आणि पाठीवर काळा पट्टा असणारा बे डायकर, पंधरा-वीस किलोंचे. पिवळ्या पाठीचा डायकर मात्र साठ किलोंच्या पुढे जातो. हे सगळे जंगलात गळून पडलेल्या फळांवर जगतात. माकडं वर खातात, निम्मं खाली टाकतात आणि खाली डायकर उभा असतो. कित्येक झाडांच्या बिया त्यांच्यामुळे रानभर पोहोचतात.

आता मुद्दे घेऊ.

‘ही हरणं संपत आली आहेत.’ कोणती? निळा डायकर आजही आफ्रिकेतल्या सर्वांत जास्त संख्येने असलेल्या जंगली कुरंगांपैकी एक आहे. लायबेरिया, सिएरा लिओन आणि कोत दिव्हवारच्या उरल्यासुरल्या जंगलातला जेंटिंकचा डायकर मात्र खरोखर धोक्यात आहे, टांझानियाच्या डोंगरांतला ॲबटचा डायकरही. दोघांना एकाच वाक्यात बसवलं की ज्याला तातडीची मदत हवी तोच नजरेआड होतो. टोगो, बेनिन आणि नायजेरियात राहणारा वॉल्टरचा डायकर ही वेगळी जात आहे हे विज्ञानाला 2010 साली कळलं, आणि तेही बऱ्याच अंशी मांसबाजारात मिळालेल्या नमुन्यांवरून. ज्या प्राण्याला आपण नाव द्यायच्या आधीच तो विक्रीला आलेला असतो, त्याच्याबद्दल ‘सगळे संपले’ किंवा ‘भरपूर आहेत’ असं छातीठोकपणे सांगणं धाडसाचं आहे.

याचा अर्थ काळजीचं कारण नाही असा मुळीच नाही. छोटा प्राणी म्हणजे सशासारखी वीण, हा समज इथे चालत नाही. निळ्या डायकरची मादी सुमारे सात महिने पोटात वाढवून एकच पिल्लू देते. नर-मादी जोडीने एका ठरावीक टापूत राहतात. गावाभोवतीच्या टापूतल्या जोड्या उचलल्या गेल्या की तो पट्टा ओसाड पडतो, पन्नास किलोमीटरवर तेच जनावर मुबलक असलं तरी. जीवशास्त्रज्ञ केंट रेडफर्ड यांनी 1992 साली ‘रिकामं जंगल’ ही कल्पना मांडली ती अशाच रानांसाठी: झाडं उभी, वरून हिरवंगार, आत जनावर नाही.

‘भुकेले आदिवासी मारतात.’ इथे थोडं थांबावं लागेल, कारण सगळा दावा याच खांबावर उभा आहे.

बाका, अका, म्बुती, एफे हे या जंगलांचे मूळ रहिवासी. कांगो खोऱ्यातल्या अशा सगळ्या वनवासी समाजांची संख्या एका अंदाजानुसार नऊ लाखांच्या आसपास आहे, आणि ती अफाट मुलखात विखुरलेली. अका आणि म्बुतींची जुनी शिकार वाघरीची. वेलीच्या सालीच्या धाग्यांनी विणलेल्या जाळ्या एकमेकींना जोडून रानात अर्धगोल लावायचा आणि हाका घालत रान उठवायचं. यात स्त्रियाही बरोबरीने असतात, काही वस्त्यांत तर पुरुषांपेक्षा जास्त वेळा. एफे धनुष्यबाण वापरतात. कुठे शिकारी नाकातून डायकरच्या ओरडण्याची नक्कल करतो आणि ते जनावर आपणहून समोर येतं. वाघरीत जनावर जिवंत सापडतं, त्याच घटकेला हाती येतं आणि संध्याकाळी वस्तीत वाटलं जातं. वाया काहीच जात नाही.

वर्षावनात मांसाचं उत्पादन तसं कमीच असतं. या विषयावरच्या अभ्यासांतला ठोकताळा असा, की एका चौरस किलोमीटर जंगलातल्या जनावरांवर फार तर एका माणसाची मांसाची गरज टिकाऊपणे भागू शकते. विखुरलेल्या वनवासी वस्त्यांचं त्यात निभावतं. दीड कोटीहून जास्त वस्तीच्या किन्शासा या राजधानीच्या शहराचं निभावणं अशक्य आहे.

रान रिकामं करते ती तार. मोटारसायकलच्या ब्रेकची केबल किंवा पोलादी तार, वाकवलेल्या कोवळ्या झाडाला बांधलेली, पायवाटेवर पाचोळ्याखाली लपवलेली. एक माणूस असे शंभर फास लावून घरी जातो. दोन-चार दिवसांनी फिरकतो. तोवर अडकलेलं जनावर धडपडून मेलेलं असतं, सडलेलं असतं किंवा दुसऱ्या कुणी खाल्लेलं असतं. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात झालेल्या अभ्यासात फासात सापडलेल्यांपैकी सुमारे पाव जनावरं अशी फुकट गेल्याचं आढळलं. फास वय बघत नाही, लिंग बघत नाही, जात बघत नाही. डायकरसाठी लावलेल्या तारेत चिंपांझी आणि गोरिलांचे पंजे तुटतात. या तारेबद्दल कोणी कितीही कडक बोललं तरी मला ते कमीच वाटतं. तिच्या जोडीला आता डोक्याला बांधायची स्वस्त एलईडी बॅटरी आणि बारा बोअरची बंदूक आली आहे. रात्री प्रकाश डोळ्यांवर पडला की डायकर जागीच थिजतो.

आणि तारेला जंगलात नेतो तो रस्ता. लाकूड कंपनी आत घुसते, ट्रकसाठी रस्ता पाडते, कामगारांची वसाहत बसते. कांगो प्रजासत्ताकाच्या उत्तर भागातल्या लाकूडतोडीच्या वसाहतींवरचा एक अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. सहा वर्षांत तिथली लोकसंख्या 69 टक्क्यांनी वाढली आणि रानमांसाचा पुरवठा 64 टक्क्यांनी. त्यातलं 72 टक्के मांस बाहेरून आलेल्यांनी मारलेलं होतं. ज्यांच्या नावाने मजकूर फिरतो, त्यांच्या वाट्याला उरलेलं आलं आणि सोबत रिकामं झालेलं रान. धुरावर वाळवलेलं मांस लाकडाच्याच ट्रकवरून शहरात जातं आणि तिथे चैनीच्या भावाने विकलं जातं. पॅरिसच्या विमानतळावर 2010 च्या सुमारास झालेल्या तपासणीवरून काढलेला अंदाज होता, आठवड्याला सुमारे पाच टन रानमांस प्रवाशांच्या सामानातून एकट्या त्या विमानतळावर उतरत होतं. ही भूक जंगलातल्या झोपडीतली खचितच नव्हे.

एक गोष्ट मात्र दाव्याच्या बाजूने सांगायला हवी. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात बायांगा नावाचं, लाकूड गिरणीभोवती वाढलेलं गाव आहे. तिथल्या अका लोकांची वाघरीची शिकारसुद्धा निळ्या डायकरला झेपण्यापलीकडे गेल्याचं अभ्यासात दिसलं. जाळं तेच, माणसं तीच, पण शेजारी पगार घेणारं गिऱ्हाईक उभं राहिलं होतं. आदिवासी शिकारी हा कायमच निसर्गाचा सांभाळकर्ता, असे उलटे गोडवे गाणारे मजकूरही फिरतात आणि तेही मला मान्य नाहीत. बाजार आला की कुणाचाही हात सैल सुटतो.

‘कोंबड्या-बकऱ्या पाळाव्यात.’ ते पाळतातच. पण या पट्ट्यात त्सेत्से माशी आहे. तिच्यामुळे गुरांना नागाना रोग होतो आणि मोठं पशुपालन उभं राहत नाही. कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली की खुराडी रिकामी होतात, लस पोहोचत नाही. बकरी म्हणजे अडीनडीची पुंजी, ती रोजच्या कालवणात जात नाही. रोजचं अन्न कसावा हा कंद, ज्यात प्रथिनं नावालाच. अशा घरातून मांस काढून घेणाऱ्याने त्याच्या जागी काय ठेवणार ते आधी सांगावं. घानात 1970 ते 1998 या काळातली आकडेवारी तपासून 2004 साली संशोधकांनी दाखवलं, की ज्या वर्षी मासळी कमी मिळाली त्या वर्षी राखीव जंगलांत शिकार वाढली आणि प्राणी जास्त घटले. त्याच समुद्रात युरोपची अनुदानावर चालणारी जहाजं मासळी उपसत होती. डायकरच्या मरणाचा धागा असा समुद्रापर्यंत जातो, आणि तो धागा फोटोत दिसत नाही.

‘सरसकट बंदी घातली की जंगल भरेल.’ कोत दिव्हवारने 1974 साली देशभर शिकार बंद केली. बाजार चालूच राहिला, फक्त हिशेबाबाहेर गेला. त्या देशात आणि शेजारच्या घानात आढळणारं मिस वॉल्ड्रनचं लाल कोलोबस माकड बहुधा नामशेष झाल्याचं संशोधकांनी 2000 साली जाहीर केलं. केनियात 1977 पासून शिकारबंदी आहे, तरी 1977 ते 2016 या काळात तिथल्या कुरणांमधले वन्यप्राणी सरासरी 68 टक्क्यांनी घटले, कारण जमिनी तुटत गेल्या, कुंपणं आली, गुरं आणि वस्ती वाढली. 2014 च्या इबोला साथीत पश्चिम आफ्रिकेतल्या सरकारांनी रानमांसावर बंदी आणली. मेलेलं जनावर हाताळण्यातला धोका खरा होता. 2001 ते 2003 मध्ये गॅबन-कांगो सीमेवर झालेल्या साथी मेलेल्या गोरिला, चिंपांझी आणि डायकरांशी जोडल्या गेल्या होत्या. पण बंदीनंतर विक्री लपून होऊ लागली आणि काय विकलं जातं यावर नजर ठेवण्याची सोयही गेली.

‘वनरक्षकांना बंदुका द्या.’ दिल्या आहेतच. त्या कुणावर रोखल्या जातात, हा प्रश्न आहे. 1900 साली लंडनमध्ये वसाहतवादी सत्तांनी आफ्रिकेच्या वन्यप्राण्यांसाठी करार केला, त्यात जाळी आणि खड्ड्यांच्या वापरावर निर्बंध होते. परवाना काढून बंदुकीने मारणारा गोरा साहेब शिकारी ठरला आणि जाळं लावणारा चोर. हा साचा मराठी वाचकाला नवा नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याची छाया आपल्या फासेपारध्यांच्या वाट्याला आली आणि ती अजून पुरती पुसलेली नाही. कॅमेरूनच्या 1995 च्या आदेशात परंपरागत शिकार म्हणजे केवळ वनस्पतीपासून बनवलेल्या साधनांनी केलेली शिकार. भाल्याला लोखंडी पातं बसवलं की बाका माणूस कायद्याबाहेर. त्याच आग्नेय कॅमेरूनच्या रानात परदेशी पाहुणा पैसे मोजून बोंगो हे मोठं कुरंग आणि डायकर मारू शकतो.

डब्ल्यूडब्ल्यूएफ या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेचा पाठिंबा असलेल्या राखीव क्षेत्रांतल्या रक्षकांवर मारहाण आणि छळाचे गंभीर आरोप झाले, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या माजी मानवी हक्क उच्चायुक्त नवी पिल्ले यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली गेली. 2020 च्या अहवालात संस्थेचे कर्मचारी स्वतः सामील असल्याचं आढळलं नाही. पण मानवी हक्कांबद्दल दिलेली आपलीच वचनं पाळण्यात संस्था कमी पडली, असं समितीने स्पष्ट नोंदवलं. मार खाल्लेला बाका वनखात्याला तारेच्या फासांची खबर देत नाही. रानात कोण नवखं आलं, कुठे ट्रक थांबतो, हे सगळ्यात आधी कळतं ते त्यालाच.

मग करायचं काय? उत्तर कांगोत 1999 पासून सरकार, एक लाकूड कंपनी आणि वन्यजीव संवर्धन संस्था डब्ल्यूसीएस यांनी काबो, पोकोला या भागांत मिळून नियम लावले. तारेचे फास बंद, कंपनीच्या गाडीतून मांस नेणं बंद, शिकारीचे टापू आखलेले, आणि कामगारांसाठी बाहेरून मांस आणण्याची सोय. तिथे सगळं आलबेल झालं असं नाही. वर दिलेले वसाहतींच्या वाढीचे आकडे याच भागातले आहेत. तरी तोडलेल्या जंगलातही जनावर टिकू शकतं हे तिथे दिसलं, आणि ते रस्ता, ट्रक आणि पगारी तोंडं यांना हात घातल्यामुळे. 2011 साली कांगो प्रजासत्ताकाने मूळनिवासींच्या हक्कांचा स्वतंत्र कायदा केला. त्या कायद्यातले हक्क जमिनीवर आले, तर आपल्या टापूत तार लावणाऱ्याला हाकलण्याचं बळ अका आणि बाकांना मिळेल. जेंटिंकच्या डायकरसारख्यांना पूर्ण संरक्षण हवंच, तिथे तडजोड नको. निळ्या डायकरसाठी मात्र गावाला घरापुरती शिकार आणि शहराकडे जाणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर नाका, ही व्यवस्था बंदीपेक्षा जास्त जनावरं वाचवेल असं मला वाटतं. तोडीचं काम संपल्यावर कंपनीने रस्ता उखडून बंद करावा, ही अट मात्र त्या लाकडाच्या युरोप आणि आशियातल्या खरेदीदारांनी घालायला हवी, कारण कंपनी ऐकते ती त्यांचंच.