क्रियापदाआधीची घंटा

सकाळचे साडेसात. ठाण्यातला एखादा बँक्वेट हॉल, एसी आदल्या रात्रीच्या रिसेप्शनसाठी लावलेला तसाच. चाळीस उद्योजक खुर्च्यांत अवघडून बसलेले आणि माइक एकेका हातातून आपल्याकडे सरकतोय. आपल्या धंद्याची ओळख करून द्यायला प्रत्येकाला ३० सेकंद. कोपऱ्यात घंटा घेऊन बसलेला गृहस्थ एरवी सज्जन असतो, त्याचा फर्निचरचा कारखाना असतो. पण त्या घटकेला तो चित्रगुप्ताच्या ऑफिसातून डेप्युटेशनवर आल्यासारखा दिसतो.

या प्रसंगी मराठी माणूस गडबडतो तेव्हा दोष धिटाईला दिला जातो. माझ्या मते खरा गुन्हेगार व्याकरण आहे. दर आठवड्याला जमून व्यवसायाची ओळख करून देण्याची ही रीत आपल्याकडे रुजली, त्यात बीएनआय या उद्योजकांच्या संघटनेचा वाटा मोठा. ती संघटना आयव्हन मायस्नर यांनी १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केली. तिथल्या भाषेत 'आम्ही विकतो' हे दुसऱ्या शब्दाला कळतं. काय विकतो ते मागाहून निवांत सांगायचं. आपलं क्रियापद वरातीतल्या नवरदेवासारखं, बँड, फटाके, नाचणारे मामा सगळे पुढे गेल्यावर येणार.

म्हणजे होतं असं: "आम्ही ठाणे, कळवा, ऐरोली, रबाळे, महापे, तुर्भे ते थेट पनवेलपर्यंतच्या लहानमोठ्या कारखान्यांना, शाळांना, सोसायट्यांना गेली अठरा वर्षं उत्तम दर्जाचे, वाजवी दरातले, आयएसआय मार्कचे पंप..." टण्ण! पुरवतात, दुरुस्त करतात की भाड्यानं देतात, हे गूढ घेऊन सगळे घरी जातात. पंप बिघडल्यावर फोन मात्र दुसऱ्यालाच.

हिशेब साधा आहे. नीट श्वास घेत बोललं तर ३० सेकंदांत मराठीचे ५५ ते ६० शब्द बसतात. 'सर्वांना माझा सविनय नमस्कार आणि इथं बोलण्याची संधी दिल्याबद्दल आयोजकांचे मनःपूर्वक आभार' हे झाले १२ शब्द, सहा सेकंद. एक पंचमांश भांडवल मंगलाचरणातच गेलं. त्यात वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, स्थापनेचं वर्ष, आणि मग आपला तो खास विनय: "तसं छोटंसंच आहे आपलं." मुलगी बघायला आल्यासारखं हे बोलणं कशाला? गंमत म्हणजे हेच छोटंसं सांगताना सर्वनाम राजेशाही. 'आम्ही' म्हणजे तो, एक लॅपटॉप आणि जीएसटीच्या तारखा लक्षात ठेवणारी बायको.

उपाय एकच, वाक्य तोडायचं. चार शब्द, शेवटी क्रियापद, पूर्णविराम. सेवा चौदा असल्या तरी एकच सांगायची. चौदा सांगितल्या की लोकांच्या डोक्यात शून्य उरतात, एक सांगितली की उरलेल्या तेरा चहाच्या वेळी ते स्वतःहून विचारतात. टाक्या धुणाऱ्याचं उदाहरण घ्या:

"मी अमुक तमुक. सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्या धुतो. गच्चीवरची आणि जमिनीखालची, दोन्ही. सकाळी पाणी बंद केलं की संध्याकाळच्या स्वयंपाकाआधी नळ चालू. मानपाडा ते कासारवडवली या पट्ट्यातल्या एखाद्या सोसायटीच्या सेक्रेटरींशी ओळख करून द्या. दिवाळीनंतर टाकीचं झाकण उघडलेलं नसेल तर उत्तमच. अमुक तमुक, पाण्याच्या टाक्या."

मोजा, ४२ शब्द. उरलेले सात-आठ सेकंद ठसका, हशा आणि माइकच्या बटणासाठी. नाव दोनदा का, तर पहिल्यांदा घेतलं तेव्हा लोक आधीच्या माणसासाठी टाळ्या वाजवत होते.

यातला जीव 'ओळख करून द्या'मध्ये आहे, आणि नेमका तोच भाग बहुतेक जण 'कोणालाही गरज असल्यास सांगा' असा वाया घालवतात. 'कोणालाही' या नावाचा माणूस कुणाच्याच मोबाइलमध्ये सेव्ह नसतो. 'कासारवडवलीचे सेक्रेटरी' म्हटलं की मात्र मागच्या टेबलावरच्या इलेक्ट्रिशियनला आपला साडू आठवतो. मागणी जितकी अरुंद तितकी ती कुणाच्या तरी डोक्यात अडकते. ही गोष्ट आपल्याला पटत नाही, कारण अरुंद मागितलं तर बाकीचं गिऱ्हाईक रागावेल अशी भीती. बाकीचं गिऱ्हाईक झोपेत असतं.

सराव मोठ्यानं करावा. मनातल्या मनात वाचलेलं वीस सेकंदांत संपतं आणि माणूस खुशाल आणखी दोन वाक्यं घुसवतो. टिपण लागतच असेल तर पूर्ण कागद धरू नये. हाताची थरथर कागद शेवटच्या रांगेपर्यंत पोचवतो. पोस्टकार्डाएवढा जाड पुठ्ठा बरा. माइक तोंडापासून चार बोटं, छातीशी धरला की आवाज पोटातून आल्यासारखा येतो. आणि तुमच्या आधीचे तिघे काय बोलले ते तुम्हाला कधीच कळणार नाही, तुम्ही तेव्हा स्वतःचं पाठ करत असता. तेही तुमचं ऐकणार नाहीत, ते घाम पुसत असतात. फिट्टमफाट.

नाश्त्याच्या रांगेत परीक्षा पुन्हा होते, इथं १० सेकंद, एका हातात इडलीची बशी. नाव, चार शब्दांचं वाक्य आणि भाग, बस्स. आपली कार्डं डाव्या खिशात, आलेली उजव्या खिशात. हे चुकलं की आपण रबाळ्याच्या माणसाला वाशीच्या माणसाचं कार्ड देतो. स्वतःचं कार्ड छापताना मागची बाजू कोरी आणि लॅमिनेशनशिवाय ठेवा. चकचकीत कार्डावर जेल पेनची शाई वाळत नाही, आणि 'साडू, कासारवडवली' ही मोलाची टीप अंगठ्यावर उतरते. क्यूआर कोड हवा तर असू द्या, पण तळघरातल्या हॉलमध्ये रेंज नसते.

एकेकानं दहा सेकंद जास्त घेतले तर चाळीस जणांची ४०० सेकंद होतात, जवळजवळ सात मिनिटं. तेवढ्यात ठाण्याहून वाशीची एक लोकल हातची जाते. म्हणून ती घंटा.

घंटेवाल्याची स्वतःची पाळी सगळ्यात शेवटी येते. तो उठतो, घंटा जपून टेबलावर ठेवतो, आयोजकांचे मनःपूर्वक आभार मानतो आणि सुरू करतो, "आम्ही ठाणे, मुलुंड, डोंबिवली, कल्याण..." तोवर इडल्यांची झाकणं उघडलेली असतात.