मुरगळलेला घोटा चोळून बसत नाही

पावसाळी ट्रेक सुरू झाले की हा मेसेज पुन्हा फिरू लागतो: 'पाय मुरगळला तर लगेच गरम तेलाने जोरात चोळा, जाणकाराकडून हाड बसवून घ्या. चालता येत असेल तर फ्रॅक्चर नाही, एक्स-रेवर पैसे घालवू नका. सूज उतरली की पाय बरा.' कळकळीने सांगतो, असं करू नका.

'हाड बसवून घ्या.' पाऊल बहुधा आत वळतं आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूची लिगामेंट (हाडांना एकमेकांशी जोडणारे चिवट पट्टे) ताणली जातात किंवा फाटतात. हाड जागेवरच असतं, बसवणार काय? आणि ते खरंच सरकलं असेल, तर ओढाओढीत नस दुखावते.

'गरम तेलाने चोळा.' आत आधीच रक्त साकळत असतं. पहिले दोन-तीन दिवस शेक आणि मालिश नकोच. फडक्यात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटं, बोटांकडून वर क्रेप बँडेज, पाय उशांवर छातीपेक्षा उंच. आंबेहळदीचा लेप हलक्या हाताने लावलात तर माझी हरकत नाही. हरकत आहे ती अंगठ्याने रगडायला.

'चालता येतं म्हणजे फ्रॅक्चर नाही.' हे सगळ्यात घातक. राजमाचीहून कोंदिवड्याकडे उतरताना माझा पाय मुरगळला. लंगडत का होईना गावापर्यंत आलो, म्हणून आठ दिवस तसेच काढले. करंगळीच्या रेषेतलं पावलाचं हाड मोडलं होतं. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 साली एक्स-रे कधी लागतो हे ठरवायला साधे नियम मांडले, ते आज जगभर वापरतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांची मागची कड किंवा टोक दाबल्यावर हाडावर दुखतं का? पावलाच्या मधल्या भागात, बाहेरच्या किंवा आतल्या कडेच्या हाडावर दुखतं का? मुरगळल्यावर लगेच आणि तपासतानाही चार पावलं टाकणं अशक्य आहे का? एकाचंही उत्तर 'हो' आलं, तर एक्स-रे काढायचा. मेसेजमध्ये खरं एवढंच, की प्रत्येक मुरगळ्याला एक्स-रे लागत नाही.

'सूज उतरली की बरा.' सूज जाते, पण घोट्याचा तोल सांभाळण्याची जाण मागेच राहते. म्हणून तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. दुखणं सोसेल तसा काही दिवसांतच घोटा हलवायला लागा. हवेत अंगठ्याने बाराखडी गिरवा. मग दात घासताना त्या एका पायावर उभं राहा, भिंतीला हात न लावता. दुसऱ्या पायाइतका वेळ तो स्थिर राहीपर्यंत गडाची वाट धरू नका.