खुलासा: ‘वेस्ट एंड ब्लूज’ भोंग्यात नव्हे, मायक्रोफोनवर

अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगचं ‘वेस्ट एंड ब्लूज’ भोंग्यासमोर (मायक्रोफोन येण्याआधी आवाज गोळा करणाऱ्या कर्ण्यासमोर) वाजवून मुद्रित केलं, म्हणून ते खरखरतं, असा मेसेज फिरतोय. साफ चूक. ओके या रेकॉर्ड कंपनीने ते २८ जून १९२८ रोजी शिकागोत मायक्रोफोनवर घेतलं. अमेरिकेत विद्युत, म्हणजे मायक्रोफोनवरचं, ध्वनिमुद्रण १९२५ मध्येच सुरू झालं होतं. ट्रॉम्बोन या पितळी वाद्यामागची ड्रमवादक झटी सिंगलटनची टकटक कान देऊन ऐका. भोंग्यावर ती इतकी स्वच्छ उमटली असती?

खरखरीला बऱ्याचदा सुईच जबाबदार. एलपीची (नंतरच्या, बारीक खाचांच्या तबकडीची) बारीक सुई ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या) रुंद खाचेत थेट तळाशी बसते, धूळच वाजवते. ७८ साठी सुईचं टोक ०.०७५ मिमीच्या आसपास हवं. आणि ७८ ची तबकडी स्पिरिटने अजिबात पुसू नका. तबकडीतली लाख विरघळते.