कंपनी कोणती?

स्कूटर सेकंडहँड घेतली की आरसी बुक मिळतं, चेसिस नंबर टाकला की सगळी कुंडली बाहेर. फ्लॅट घेतला तर वकील तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट हातात ठेवतो. सायकलीला काय, तर "इम्पोर्टेड आहे सर" एवढं एक वाक्य, आणि तेही विकणाऱ्याला त्याच्या आधीच्या विकणाऱ्याकडून वारशाने आलेलं. माझी एमटीबी, म्हणजे डोंगरात चालवायची माउंटन बाइक, मी बाणेरच्या एका मुलाकडून घेतली, तो कॅनडाला चालला होता, त्याला सायकल, मायक्रोवेव्ह आणि बीनबॅग एकाच दिवसात घालवायचं होतं, त्यामुळे जास्त चौकशी करणं माणुसकीला धरून नव्हतं. फ्रेम मॅट काळी, कुणीतरी घरीच स्प्रे मारलेली. डाव्या बाजूला एका अमेरिकन कंपनीचं नाव, उजव्या बाजूला तैवानच्या भलत्याच कंपनीचं, दोन्ही रेडियमवाल्याकडून कापून आणलेली. पेटीवर देवगड छापलेलं असतं आणि आत कर्नाटकचा आंबा निघतो, तरी आपण खातोच, तशी मी ती चालवत होतो आणि मजेत होतो.

मजा वेताळ टेकडीवर संपली. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन इकडून तिकडे सरकवणारा भाग, दगडाला घासला आणि त्याला धरून ठेवणारा हँगर वाकला. हँगर म्हणजे फ्रेमच्या मागच्या टोकाला स्क्रूने लावलेला बोटभर अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा. तो मुद्दाम मऊ ठेवतात, म्हणजे फटका बसला तर हा वाकावा आणि फ्रेम वाचावी. कल्पना उत्तम. पण प्रत्येक कंपनीने, आणि कंपनीतही मॉडेलगणिक, त्याचा आकार वेगळा ठेवलाय, असे शेकड्यांनी आकार आहेत जगात. २०१९ मध्ये स्रॅम या सायकलीचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीने सगळ्यांना चालेल असा एकच हँगर काढला खरा, पण त्यासाठी फ्रेमसुद्धा त्याच मापाची बनलेली लागते, म्हणजे आमच्या काळ्या सुंदरीला त्याचा उपयोग शून्य.

दुकानात गेलो. हँगर पाहिजे म्हटलं.

"कंपनी कोणती?"

"तेच माहीत नाही."

दुकानदाराने सायकलीवरची नजर काढून माझ्यावर ठेवली. "बिल आहे ना दादा?"

त्या दिवसापासून माझ्या ओळखीतला प्रत्येक माणूस तज्ज्ञ झाला. बाबा गॅलरीत आले, लांबूनच बघितलं आणि म्हणाले, रेंजर आहे. बाबांच्या लेखी सायकलीचे तीनच प्रकार, साधी, लेडीज आणि रेंजर, त्यामुळे त्यांच्याकडून निकाल झटपट लागतो. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने एका हाताने उचलली, दोनदा आपटली आणि "माल चांगलाय, हेवी कंपनी" असं सर्टिफिकेट दिलं. ऑफिसात एकजण आहे, त्याच्याकडे कार्बनची सायकल आहे आणि तो लंच टाइममध्ये तिच्याबद्दल बोलतो, त्याने फोटो झूम करकरून वरच्या नळीचा बाक बघितला आणि छातीठोकपणे एक नाव सांगितलं, दुसऱ्या दिवशी तितक्याच छातीठोकपणे दुसरं. मला अशा माणसांचा खरंच हेवा वाटतो.

शेवटी म्हटलं फ्रेमलाच विचारू. पेडलांचा एक्सल ज्या आडव्या नळीतून जातो ना, ज्याला सगळे बीबी शेल म्हणतात, तिच्या पोटाखाली बहुतेक वेळा सिरियल नंबर ठोकलेला असतो. सायकल उलटी केली, टर्पेंटाइन आणि जुना टूथब्रश घेऊन बसलो. काळ्याखाली केशरी निघाला, केशरीखाली चंदेरी, आणि चंदेरीत अक्षरांचे खड्डे दिसायला लागले. डोळ्याने वाचता येईनात म्हणून वर ट्रेसिंग पेपर धरून पेन्सिल घासली, लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तशी, आणि एकेक आकडा हळूहळू उमटला. इतका आनंद मला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता. तेवढ्यात भाचा वाकून म्हणाला, "मामा, तो आठ नाहीये, बी आहे." मग आठ की बी यावर घरात मतदान.

बरं, नंबर मिळाला म्हणून काय मिळालं? सायकलींच्या नंबराला जगभर चालणारा एक नियम नाही. कुणी आधी कारखान्याचं अक्षर टाकतं, कुणी वर्षाचा शेवटचा आकडा, कुणी महिना, कुणी नुसता चढता क्रमांक. माझ्यात एक ९ होता. तो १९९९ चा, २००९ चा, का आपला सहज आलेला, हे ठोकणाऱ्यालाच ठाऊक.

मग तिसऱ्या मजल्यावरचे काका आले. काका भोसरी एमआयडीसीत टूलरूमला होते, रिटायर झाले तरी व्हर्निअर कॅलिपर मखमलीच्या डबीत ठेवून आहेत आणि त्यांना वापरायला निमित्त हवंच असतं. आधी फ्रिजवरचं गणपतीपुळ्याचं मॅग्नेट काढून फ्रेमला लावलं, ते घसरून पडलं, म्हणजे स्टील नाही, अ‍ॅल्युमिनियम. मागचं चाक बसतं तिथलं अंतर १३५ मिलिमीटर. सीटपोस्टवर, म्हणजे सीटच्या दांड्यावर, ३१.६ कोरलेलंच होतं, तरी काकांनी मोजलं, कारण लिहिलेल्यावर विश्वास ठेवणं त्यांच्या शिस्तीत बसत नाही. चाकाची रिम दाबणाऱ्या जुन्या व्ही-ब्रेकच्या खुंट्या आहेत आणि मागे नव्या डिस्क ब्रेकसाठी दोन कानही आहेत, म्हणजे जुनं सोडवेना आणि नवं घेतल्याशिवाय राहवेना अशा काळातली फ्रेम. बीबीची नळी ७३ मिलिमीटर, आणि तिच्यात उजवीकडून बसणाऱ्या कपाला उलटे आटे. काकांचा चेहरा उजळला. "१.३७ इंच, इंचाला २४ आटे. हा बीएसए थ्रेड!"

हे आतल्या खोलीत बाबांनी ऐकलं.

"मी म्हटलं नव्हतं, बीएसए आहे म्हणून?"

बाबांनी असं अजिबात म्हटलं नव्हतं. मी समजावायला गेलो, की बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, १८६१ ची बंदुका बनवणारी इंग्लिश कंपनी, ती पुढे सायकलीही बनवायला लागली आणि तिच्या आट्यांचं माप असंख्य कंपन्यांनी उचललं, म्हणून थ्रेड बीएसए म्हणजे सायकल बीएसए असं होत नाही. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग आत्याला फोन लावून सांगितलं, बीएसएच निघाली.

वयाचा पत्ता मात्र डिरेलरने दिला. तो शिमानो कंपनीचा, आणि शिमानोच्या पार्टवर दोन अक्षरांचा छोटा ठसा असतो, पहिलं अक्षर वर्षाचं, दुसरं महिन्याचं. ए म्हणजे १९७६, तिथून झेड म्हणजे २००१, मग २००२ ला पुन्हा ए. माझ्यावर 'सीएफ', म्हणजे १९७८ नाहीतर २००४ चा जून, आणि मागे नऊ गिअर असल्यामुळे १९७८ चा प्रश्नच नाही. मी ही बातमी ऑफिसात सांगितली, तर कार्बनवाला म्हणाला, "हे डिरेलरचं झालं. डिरेलर कुणीही बदलतं." बरोबर होतं त्याचं. म्हणून जास्त राग आला.

मग नाव गेलं खड्ड्यात, हँगर शोधू, असं ठरवलं. वाकलेला हँगर काकांनी हातोडीने जमेल तेवढा सपाट केला, ग्राफ पेपरवर ठेवून बाहेरची रेघ मारली, भोकांमधलं अंतर मोजलं आणि आम्ही हँगर विकणाऱ्यांचे तक्ते धुंडाळायला लागलो. हे तक्ते खऱ्या मापात छापायचे असतात. झेरॉक्सवाल्याने 'फिट टू पेज' लावून छापले, तर तक्त्यातले सगळेच हँगर जरासे वाळलेले, आणि काका संध्याकाळभर "टॉलरन्स बसत नाही रे" म्हणत राहिले. परत छापल्यावर एक अगदी तंतोतंत बसला.

मागवला, आला, लागला. गिअर लोण्यासारखे पडतात. आणि पाकिटावर छापलेलं, हा हँगर पुढील कंपन्यांच्या सायकलींना चालतो, खाली सहा नावं. त्यात रेडियमवरची दोन्ही नव्हती. आता यात कुणाला दोष देणार? तैवानची जायंट १९७२ ला सुरू झाली तेव्हा दुसऱ्यांसाठी सायकली बनवायची, स्वतःच्या नावाने १९८१ पासून विकायला लागली. आजही एकेक कारखाना कितीतरी कंपन्यांच्या फ्रेमी बनवतो, नाव शेवटी चिकटतं, आणि ते माझ्या फ्रेमवरून केशरी रंगाच्याही आधी गेलेलं होतं.

परवा टेकडीवर पाणी प्यायला थांबलो होतो. एक गृहस्थ आले, लाखाच्या वरची सायकल, गॉगल, सगळा सरंजाम. माझ्या फ्रेमकडे बघून थबकले. "जुनी दिसतेय. कंपनी कोणती?"

"तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं.

गृहस्थांनी गॉगल काढला, सायकल आडवी केली आणि बीबीखालचा रंग नखाने खरवडायला घेतला. मी त्यांना मोबाईलचा टॉर्च धरून दिला. "हा आठ आहे ना?" त्यांनी विचारलं.

"बी पण असू शकतो," मी म्हटलं.